पोलीस ठाणं आलं कुठून?

(कम्युनिटी रेडिओवर महिला गटांसाठी झालेलं भाषण. छापताना थोडं आटोपशीर केलं आहे.)

भाकरी-कालवण उरकून रेडिओजवळ बसला असाल, कुणी गटाच्या बैठकीत मोबाईलवर ऐकत असाल. आज पोलिसांबद्दल बोलायचंय. घाबरू नका, कुणाला बोलावणं आलेलं नाही.

गेल्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतली एक वहिनी माझ्याकडं आली. हातात घड्या घालून घालून मऊ पडलेला कागद होता. म्हणाली, "ताई, मी केस केलीय. चार महिने झाले, पण पोलीस काही येईनात." कागद उघडून बघितला, तर वर 'अदखलपात्र' असा शब्द. नवऱ्यानं लाकडानं मारलं होतं, त्याआधीही कितीदा तरी मारलं होतं, म्हणून ती एकटीच ठाण्यात गेली होती. तिथं तिला आधी सांगितलं, "घरातलं भांडण आहे, मालकाला घेऊन या." ती हलेना, तेव्हा हा कागद लिहून दिला. ठाणं कोणतं, ते मी सांगत नाही. कुठलंही असू शकलं असतं.

अदखलपात्र म्हणजे काय, तर पोलिसांनी स्वतःहून ज्याची दखल घेऊन तपास करायचा नाही असा गुन्हा. चार महिने वहिनी ज्याला केस समजत होती, तिचा तपास सुरूच होणार नव्हता. तिला ते कुणी सांगितलं नाही, आणि तिनं विचारलं नाही. का विचारलं नाही म्हणाल, तर ठाण्यात प्रश्न आपण विचारायचे असतात हेच आपल्याला ठाऊक नसतं. तिथं प्रश्न ते विचारतात.

हे असं का झालं, त्याचा मी थोडा माग काढला. ठाणं आलं कुठून, कुणी बसवलं, कुणासाठी बसवलं.

सुरुवात शब्दांपासून करू. फौजदार, हवालदार, जमादार, शिपाई, गुन्हा, जामीन, कैद हे सगळे शब्द फारसी-अरबीतून आले, म्हणजे सुलतानांच्या आणि मोगलांच्या राज्यकारभारातून. पंचनामा अर्धा आपला, अर्धा फारसी: पंच आपले, नामा त्यांचा. 'पोलीस' हा शब्द तेवढा साहेबाबरोबर आला. मला त्यातला 'फिर्याद' हा शब्द फार आवडतो. मूळ फारसीत त्याचा अर्थ आहे हाक, टाहो. संकटात सापडलेल्या माणसानं मारलेली आरोळी. आज आपण फिर्याद म्हणजे कागद समजतो. आरोळीचा कागद व्हायला किती पिढ्या लागल्या, तेच आजच्या बोलण्यात सांगायचंय.

खाकी वर्दी येण्याआधीही गावात राखण होतीच. पाटील होता, त्याच्या हाताखाली येसकर होता, काही गावांत जागल्या होता. रात्री वेस लावायची, परका माणूस आला की पाटलाला कळवायचं, चोरी झाली तर पावलांचा माग काढायचा. दख्खनात जुनी रीत अशी होती की, चोराचा माग शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत नेऊन दाखवला की जबाबदारी त्या गावावर जायची. त्या गावानं माग पुढं काढावा, नाहीतर चोरीचा माल भरून द्यावा. ऐकायला छान वाटतं, गावच गावाला जबाबदार! पण रात्रभर जागायचं कुणी? ते काम महारांच्या, मांगांच्या, भिल्लांच्या वाट्याला पिढीजात लावून दिलेलं. वतन म्हणून जमिनीचा तुकडा आणि सुगीला बलुतं, त्या बदल्यात रात्रंदिवस राबणूक. शेजारच्या मुंबई इलाख्यात बाबासाहेबांनी १९२८ साली कायदेमंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक मांडलं, ते याच राबणुकीविरुद्ध. आणि गावातल्या बाईची फिर्याद पाटलापुढं जायची, म्हणजे गावातल्या सगळ्यात मोठ्या वाड्यापुढं. वाड्याविरुद्धच तक्रार असेल तर? तेव्हा ती पोटातच राहायची. म्हणून "पूर्वी गाव गावातच मिटवायचं, बरं होतं" असं कुणी म्हणालं की मी विचारते, बरं कुणासाठी होतं?

आता आपला परभणी जिल्हा १९४८ पर्यंत इंग्रजांच्या थेट राज्यात नव्हता, निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इथं वसुलीचे मक्ते असायचे. ज्यानं मक्ता घेतला, तो अरब-रोहिल्यांच्या भाडोत्री तुकड्या घेऊन वसुली करायचा. राखणारा आणि लुटणारा यांतला फरक कुणब्याला दिसत नव्हता. १८५३ साली सालारजंग दिवाण झाले. त्यांनी पुढं मक्ते मोडले, १८६५ च्या सुमाराला जिल्हाबंदी केली म्हणजे राज्याचे नीट जिल्हे पाडले, पगारी अधिकारी नेमले आणि पोलीस हे वेगळं खातं केलं. सुधारणा मोठीच होती, नाही म्हणायला नको. तरी मोठ्या जहागिरींत जहागीरदाराचा अंमल वेगळाच राहिला.

आणि एक गोष्ट बघा. सरकारी कारभार आधी फारसीत चालायचा, १८८० च्या दशकात तो उर्दूत आला. परभणी-पाथरीची बाई मराठीत रडायची, आणि तिचं रडणं तिला वाचता न येणाऱ्या भाषेत लिहिलं जायचं. आपण काय बोललो आणि कागदावर काय उतरलं, हे ताडून बघायचा रस्ताच नव्हता. उर्दूचा दोष नाही, गोड भाषा आहे, आपल्या निम्म्या शेजारणी घरात तीच बोलतात. प्रश्न एवढाच की राज्याची भाषा रयतेची नव्हती. आज कागद मराठीत असतो. पण 'अदखलपात्र' हे मराठी तरी वहिनीला कुठं कळलं होतं?

तिकडं इंग्रजी मुलखात १८५७ चा उठाव होऊन गेला आणि सरकार हादरलं. १८६१ साली त्यांनी पोलीस कायदा केला. तो देशभराच्या पोलिसांचा साचा झाला, म्हणून तो कुठून उचलला हे कळलं पाहिजे. लंडन शहरात १८२९ साली रॉबर्ट पील नावाच्या मंत्र्यानं पगारी पोलीस उभे केले. त्यांना मुद्दाम निळा डगला दिला, कारण सैनिकाचा डगला लाल होता आणि लोकांना पोलीस म्हणजे सैन्य वाटू नये. हातात बंदूक नाही, फक्त दंडुका. हे झालं त्यांच्या स्वतःच्या लोकांसाठी. आयर्लंड हा त्यांनी ताब्यात ठेवलेला शेजारी देश. तिथं त्यांनी बंदूकधारी पोलीस ठेवले, बराकीत राहणारे, लोकांपासून लांब, हुकूम वरून येणारे. हिंदुस्थानासाठी त्यांनी साचा उचलला तो आयर्लंडचा. रयतेला वचकात ठेवायचं, वसुली आणि शांतता सांभाळायची, हे पहिलं काम. चोरी-मारामारीचा तपास त्यानंतर.

अमेरिकेची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. तिथल्या दक्षिणेच्या राज्यांत आफ्रिकेतून धरून आणलेल्या काळ्या माणसांना गुलाम म्हणून शेतात राबवत. कुणी पळून जाऊ नये, रात्री एकत्र जमू नये म्हणून गोऱ्यांच्या गस्ती फिरायच्या. साउथ कॅरोलायनात त्या १७०४ पासून होत्या. उत्तरेकडच्या शहरांत गोष्ट वेगळी, बोस्टनला १८३८ साली आणि न्यूयॉर्कला १८४५ साली लंडनकडं बघून पगारी पोलीस आले. म्हणजे सगळे अमेरिकन पोलीस गुलामांच्या गस्तीतून आले असं नाही. पण २०२० साली मिनियापोलिस शहरात एका गोऱ्या पोलिसानं जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाच्या मानेवर गुडघा दाबून धरला आणि तो मेला, तेव्हा तिथल्या लोकांनी हाच जुना प्रश्न काढला. हे खातं मुळात कुणाला सांभाळायला आणि कुणाला दाबायला उभं केलं? आपला प्रश्न काही जगावेगळा नाही.

परत इकडं येऊ. इंग्रजांनी पोलीस उभे केले, पण त्यांचा स्वतःचाच पोलिसांवर भरवसा नव्हता. १८५५ साली मद्रास इलाख्यात एका चौकशी आयोगानं लिहून ठेवलं की वसुलीसाठी आणि कबुलीजबाबासाठी रयतेचा छळ होतो. म्हणून १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया कायद्यात आणि मग १८७२ च्या पुरावा कायद्यात नियम आला: पोलिसापुढं दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालणार नाही. दीडशे वर्षं झाली, देश स्वतंत्र झाला, २०२४ साली नवे कायदे लागू झाले, तरी तो नियम आजही आहे. सरकारचाच कायदा सरकारच्याच पोलिसाबद्दल असं म्हणतो, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी दोनदा वाचून बघितलं होतं. तुमच्या पोराला कुणी ठाण्यात नेलं आणि "सही कर, सुटशील" म्हणालं, तर हा नियम आठवा.

फिर्याद लिहून घ्यायची ही सक्तीसुद्धा त्याच काळातली. ठाण्यात येऊन कुणी गुन्ह्याची खबर दिली तर ती लिहायची. आजच्या एफआयआरचं मूळ तिथं आहे. सरकारनं ते काही आपल्या कळवळ्यानं केलं नाही, वरच्या साहेबाला खालच्या शिपायावर लक्ष ठेवायचं होतं. पण एकदा कागद आला की तो कुणाच्याही कामी येतो.

आपल्याकडं मात्र स्वातंत्र्य तेरा महिने उशिरा आलं. आमच्या लहानपणी म्हाताऱ्या बायका 'रझाकारात' असा काळ सांगायच्या, "तू रझाकारात जन्मलीस", "ते घर रझाकारात जळालं". कासीम रझवीच्या रझाकारांची टोळी गावात शिरली की ठाण्याकडं पळायची सोय नव्हती, कारण निजामाचे पोलीस त्यांना आवरत नव्हते, पुष्कळदा बरोबरच असत. तेव्हापासून कित्येक घरांत वर्दी दिसली की दार लावायची सवय पडली. १३ सप्टेंबर १९४८ ला भारताचं सैन्य संस्थानात शिरलं आणि १७ तारखेला निजामानं शरणागती दिली. आपण त्याला 'पोलीस ॲक्शन' म्हणतो, पण त्यात पोलीस कमी आणि रणगाडे जास्त होते. दुसऱ्या देशावरची स्वारी दिसू नये म्हणून तसं नाव दिलं. १७ सप्टेंबरला झेंडावंदन करतो तेव्हा एक गोष्ट बहुतेक जण बोलत नाहीत, ती मी बोलते. त्यानंतरच्या दिवसांत मराठवाड्यातल्या पुष्कळ गावांत निरपराध मुसलमान कुटुंबांवर सूड उगवला गेला. केंद्र सरकारनं पंडित सुंदरलाल यांना चौकशीला पाठवलं, आणि त्यांचा अहवाल कित्येक वर्षं बाहेर येऊ दिला नाही. रझाकारांनी विधवा केलेल्या बाया आणि त्या सुडानं विधवा झालेल्या बाया एकाच आडावर पाणी भरत होत्या. दोघींच्याही फिर्यादी कुठं लिहिल्या गेल्या नाहीत.

१९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्रात. पाटीलकीचं पिढीजात वतन गेलं, आणि १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस कायद्यानं पोलीस पाटील सरकार नेमू लागलं. आता परीक्षा होते, प्रांत नेमणूक करतात, बायकांसाठी जागा राखीव असतात. आपल्या भागात कित्येक गावांत पोलीस पाटील बाई आहे. दोनशे वर्षांपूर्वीच्या वाड्यासमोर उभ्या राहिलेल्या बाईला हे सांगितलं असतं तर ती हसली असती.

पुढचं साल १९७२. दुष्काळाचं, सुकडीचं, खडी फोडायच्या कामांचं. त्या एकाच सालात दोन गोष्टी घडल्या, एक आपल्या मानवतला आणि एक तिकडं विदर्भात.

मानवतला १९७२ च्या अखेरीपासून १९७४ च्या सुरुवातीपर्यंत एकामागून एक खून पडले. मेल्या त्या बहुतेक पोरी आणि बाया, गरिबाघरच्या, रानात गेलेल्या. कारण निघालं गुप्तधनाच्या आणि अंगारे-धुपाऱ्यांच्या नादाचं. इथल्या तपासाला धागा सापडेना, तेव्हा मुंबईहून रमाकांत कुलकर्णी यांना आणावं लागलं. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्या वेळच्या बायांनी सांगितलेलं मी ऐकलंय: संध्याकाळ झाली की पोरींना घरात कोंडायचे, सरपणाला एकटीला पाठवायचे नाहीत. मला त्या गोष्टीतलं सगळ्यात जास्त काय लागतं, तर पहिल्या पोरीनंतर दुसरी, दुसरीनंतर तिसरी. पहिल्या आईच्या आरोळीला शेवटच्या आईच्या आरोळीइतकी किंमत मिळाली असती तर? जादूटोण्याविरुद्ध आपल्या राज्यात कायदा झाला तो थेट २०१३ साली, नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यावर.

दुसरी गोष्ट देसाईगंजची. तेव्हा चंद्रपूर जिल्हा, आता गडचिरोली. २६ मार्च १९७२ च्या रात्री चौदा-सोळा वर्षांची एक आदिवासी मजूर मुलगी तक्रारीच्या कामानं ठाण्यात आली होती. घरच्यांना बाहेर थांबवून ठाण्यातच तिच्यावर बलात्कार झाला. देश तिला 'मथुरा' या नावानं ओळखतो. खालच्या न्यायालयानं दोन्ही पोलिसांना सोडलं, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं शिक्षा दिली, आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सोडलं. म्हणे अंगावर जखमा नाहीत, म्हणजे विरोध केला नसणार. ठाण्याच्या आत, रात्री, वर्दीसमोर, ती पोर विरोध करणार कसा?

ही गोष्ट इथंच संपली असती. पण १९७९ साली कायदा शिकवणाऱ्या चौघांनी सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिलं: उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, आपल्या वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर. त्या पत्रानं १९८० साली मुंबई, दिल्ली, नागपूर, जागोजागी बायका रस्त्यावर उतरल्या. १९८३ साली कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराला वेगळी, जास्त शिक्षा आली. आणि अशा खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि बाई म्हणाली माझी संमती नव्हती, तर न्यायालयानं तिचं म्हणणं खरं धरून चालायचं, संमती होती हे आरोपीनं दाखवायचं. त्याच साली शीला बारसे या पत्रकार बाईनं मुंबईच्या कोठडीतल्या बायकांचे हाल सर्वोच्च न्यायालयाला पत्रानं कळवले होते, त्यावर निकाल आला: बायकांची कोठडी वेगळी, पहारा बायकांचा, चौकशी महिला पोलिसासमोर. नवऱ्याच्या आणि सासरच्या क्रूरतेचं कलमही, ज्याला सगळे चारशे अठ्ठ्याण्णव म्हणतात, १९८३ सालचंच. सूर्य मावळल्यावर बाईला अटक करायची नाही, अगदीच अडलं तर महिला अधिकाऱ्यानं न्यायाधीशाची आधी परवानगी घेऊन करायची, हा नियम आणखी पुढचा, २००५ सालच्या दुरुस्तीचा.

सारखं म्हणतात की कायद्यानं बायकांना हक्क दिले. मला वाटतं हे उलटं सांगितलं जातं. यातला एकेक नियम एकेका बाईच्या अंगावरून गेलेला आहे.

१९८४ साली मुंबईत आणखी एक चांगलं काम सुरू झालं. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या कार्यकर्त्या पोलिसांच्याच इमारतीत टेबल टाकून बसल्या. मार खाऊन आलेल्या बाईशी आधी त्या बोलायच्या. त्याला विशेष कक्ष म्हणतात, आता तो जिल्ह्याजिल्ह्यांत आहे. आणि खात्यात बायकाही आल्या. किरण बेदी १९७२ साली, बघा पुन्हा तेच साल, देशातल्या पहिल्या महिला आयपीएस झाल्या. आपल्या राज्यात भरतीत बायकांना तीस टक्के जागा आहेत. आज ठाण्यात गेलात तर एखादी तरी वर्दीतली बाई दिसेल. बारा-बारा तास बंदोबस्तात उभी, जवळपास संडास नाही, लेकरू सासूजवळ. ती आपल्या बाजूची असेलच असं नाही, वर्दीचा ताठा तिलाही चढतो. पण तिच्याशी बोलताना मला तरी जीभ जड होत नाही.

सगळं सुधारलं असं म्हणून मी हे बोलणं संपवलं असतं. पण आपण परभणीच्या आहोत. १० डिसेंबर २०२४ ला परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळच्या संविधानाच्या प्रतिकृतीची मोडतोड झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागलं, पोलिसांनी धरपकड केली, वस्तीत शिरून बायकांनाही मारल्याच्या तक्रारी झाल्या. धरलेल्यांत कायद्याचं शिक्षण घेणारा पस्तीस वर्षांचा सोमनाथ सूर्यवंशी होता. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना तो मेला. त्याची आई न्यायालयात गेली. जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं पोलिसांविरुद्ध गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला, आणि सरकार वर गेलं तेव्हा सर्वोच्च न्यायालयानं तो आदेश कायम ठेवला. एका आईची फिर्याद लिहून घ्यावी, एवढ्यासाठी देशाच्या सगळ्यात मोठ्या न्यायालयापर्यंत जावं लागलं. पण ती लिहिली गेली.

आता कामाचं. पेन असेल तर घ्या, नसेल तर पोरीला ऐकायला सांगा.

१ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर कुठल्याही ठाण्यात देता येते, गुन्हा दुसऱ्या हद्दीत घडला असला तरी. "आमच्या हद्दीत येत नाही" हे उत्तर चालत नाही, त्यांनी शून्य क्रमांकानं गुन्हा नोंदवून तिकडं पाठवायचा. तुम्ही तोंडी सांगितलंत तरी चालतं, लिहायचं काम त्यांचं. लिहिलेलं वाचून दाखवलं पाहिजे, मगच सही किंवा अंगठा. वाचून दाखवल्याशिवाय अंगठा देऊ नका. प्रत फुकट मिळते. मोबाईलवरून खबर दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. लैंगिक अत्याचाराची फिर्याद महिला अधिकाऱ्यानंच लिहायची, आणि ती लिहायला नकार देणाऱ्या पोलिसाला सहा महिने ते दोन वर्षांची कैद आहे. साक्षीदार म्हणून चौकशी करायची असेल तर बाईला ठाण्यात बोलवता येत नाही, त्यांनी घरी यायचं.

आणि कागद हातात आला की वरचा शब्द बघा. 'अदखलपात्र' किंवा 'एनसी' लिहिलंय, की 'प्रथम खबर'? एनसी असेल तर न्यायाधीशाच्या हुकमाशिवाय तपास होत नाही. आमच्या वहिनीचं काय झालं होतं, तर तिनं सांगितलं, "आज मला मारलं." एवढंच लिहिलं की ती साधी मारहाण, साधी दुखापत, अदखलपात्र. पण "लग्न झाल्यापासून मारतो, पैशासाठी माहेरी पाठवतो, गेल्या पोळ्याला हात मोडला, दवाखान्याची चिठ्ठी आहे" असं सांगितलं असतं तर ती क्रूरता, दखलपात्र. म्हणून जाताना एकटीनं जाऊ नका, गटातल्या दोघी न्या, आणि आधी घरी बसून सगळं आठवून काढा. खोटं काही घालू नका, खरंच पुष्कळ असतं. नवरा-बायकोच्या प्रकरणात पोलीस आधी चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करू शकतात, भरोसा सेलमध्ये समुपदेशनाला बोलावू शकतात, ते बेकायदा नाही. पण चौदाचे चाळीस दिवस झाले तर विचारायचं. आणि या सगळ्याशिवाय, २००५ च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडं थेट जाता येतं.

ठाण्यानं लिहूनच घेतलं नाही, तर तोच मजकूर रजिस्टर पोस्टानं परभणीला पोलीस अधीक्षकांच्या नावे पाठवा आणि पोस्टाची पावती जपून ठेवा. तिथूनही काही झालं नाही तर न्यायाधीशांकडं अर्ज. वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नका, बाईला उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा वकील फुकट मिळतो. त्यांचा फोन १५१००. अंगावर संकट आलेलं असेल तर ११२, महिला मदतीसाठी १८१.

वहिनी दुसऱ्यांदा गेली तेव्हा आम्ही तिघी तिच्याबरोबर होतो. बाकावर अडीच तास बसलो. एका महिला हवालदारानं लिहून घेतलं, वाचून दाखवलं, एका ठिकाणी वहिनीनं तिला थांबवलं आणि म्हणाली, "ताई, लाकूड नव्हतं, लाकडाची फळी होती." हवालदारानं खोडून फळी लिहिलं. पुढं काय झालं? चौकशी झाली, भरोसा सेलच्या दोन तारखा झाल्या, मग गुन्हा दाखल झाला. आता कोर्टात आहे, वेळ लागणार. वहिनी माहेरी राहते आणि शिवणकाम करते.

पुढच्या बुधवारी पोटगीबद्दल बोलू. तुमच्या गटातून प्रश्न लिहून पाठवा, नावं वाचून दाखवणार नाही.